प्रॉपर्टी

आमच्या हौशी नाट्यसंस्थेत माझ्या वाट्याला कधी भूमिका आली नाही. आली ती प्रॉपर्टी. मराठी रंगभूमीवर पडद्यामागे वावरलेल्या कोणालाही हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. नटाच्या हातात येणारी काठी, टेबलावरचा तांब्या, दुसऱ्या अंकात फाडायचे पत्र आणि तिसऱ्या अंकात सापडणारी किल्ली म्हणजे प्रॉपर्टी, आणि ती प्रत्येक प्रयोगाला वेळेवर, जागच्या जागी हजर ठेवणे हे माझे काम. विंगेबाहेरच्या जगात मात्र प्रॉपर्टी म्हणजे घर, जमीन, दागिने. जिच्यावरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे होतात ती. या दोन अर्थांचे आपसांत काही नाते असेल, असे मला तेव्हा वाटले नव्हते. ते मला अमेरिकन नाटकांनी दाखवले, आणि पहिल्यांदा दाखवले ते एका काचेच्या घोड्याने.

टेनेसी विल्यम्सचे 'द ग्लास मिनॅजरी' हे नाटक डिसेंबर १९४४मध्ये शिकागोत आणि मार्च १९४५च्या अखेरीस ब्रॉडवेवर आले. आमच्यातल्याच एकाने त्याचे मराठी रूप केले होते. ते बसवायला घेतले तेव्हा दिग्दर्शकाने दिलेल्या यादीत सर्वांत वर लिहिले होते : 'काचेचे प्राणी, सुमारे वीस, पैकी एक युनिकॉर्न, शिंग मोडणारे.' सेंट लुईसमधल्या एका कोंदट भाड्याच्या घरात राहणारी लॉरा, पायाने किंचित अधू आणि मनाने फार भित्री, हे प्राणी पुसत आणि न्याहाळत दिवस काढते. कपाळावर एकच शिंग असलेला घोडा हा त्यांतला तिचा सर्वांत लाडका. आईच्या आग्रहावरून तिचा भाऊ टॉम आपल्या एका सहकाऱ्याला, जिमला, जेवायला घरी घेऊन येतो. तो मोकळ्या स्वभावाचा तरुण लॉराला नाचायला उभे करतो, नाचताना टेबलाला धक्का लागतो, घोडा खाली पडतो आणि शिंग तुटते. आता तो इतर घोड्यांसारखाच झाला, असे लॉरा म्हणते.

वाचताना हे सोपे वाटते. प्रॉपर्टी सांभाळणारीला मात्र पहिला प्रश्न पडतो तो हा, की शिंग नेमके तेव्हाच आणि नेमके तेवढेच मोडायचे कसे? घोडे मी रस्त्यावरच्या काचसामानाच्या गाडीवरून आणले आणि शिंगासाठी लांबट काचेचा मणी मेणाने चिकटवला. तालमींत तो इतक्या सहज निखळे की दिग्दर्शक वैतागला, म्हणून पहिल्या प्रयोगाला मी मेण जरा जास्तच लावले. घोडा टेबलावरून सतरंजीवर पडला आणि शिंगासकट शाबूत राहिला. लॉरा झालेल्या मुलीने प्रेक्षकांकडे पाठ करून तो उचलला आणि अंगठ्याने दाबून शिंग मोडून टाकले. पुढचे संवाद ठरल्याप्रमाणे झाले आणि प्रेक्षागृहात कोणाला काही कळले नाही. पण विंगेतून मी ते पाहिले, आणि माझ्यापुरते नाटक तिथे बदलले. जिम ज्याची क्षमा मागत होता ते त्याने केलेच नव्हते. ज्या मुलीने आयुष्यात कोणाला कधी दुखवले नाही, तिने आपल्या लाडक्या प्राण्याला स्वतःच्या हाताने अधू केले होते, आणि वर ती पाहुण्याला उदारपणे माफ करत होती.

शिंग म्हणजे लॉराचे वेगळेपण, हे वाक्य मी त्याआधी इंग्रजी साहित्याच्या परीक्षेत दहा गुणांच्या उत्तरात लिहून आले होते. ते चूक नव्हते, पण त्याने त्या रात्रीच्या गोंधळाचा काहीच उलगडा होईना. शिंग दोन्ही प्रकारांत मोडलेच होते. बदलले होते ते इतकेच, की ते कोणाच्या हातून मोडले आणि नुकसान कोणी सोसले. विल्यम्सला हे पक्के ठाऊक होते, म्हणून त्याने तिथे अपघात योजला. त्यानंतर लॉरा जे बोलते ते जिमला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून : याच्यावर शस्त्रक्रिया झाली असे आपण समजू, शिंग काढल्यामुळे याला आता कमी विचित्र वाटेल. विल्यम्सची बहीण रोज हिच्या मेंदूवर १९४३मध्ये खरोखरीच शस्त्रक्रिया झाली होती आणि त्यानंतर ती पूर्वीसारखी कधीच राहिली नाही, हे कळल्यानंतर ती ओळ ऐकवत नाही. रंगमंचावर मात्र ती घरी आलेल्या पाहुण्याशी वागण्याची रीत म्हणूनच येते, आणि म्हणूनच ती इतकी खोल जाते.

त्याच नाटकातल्या मेणबत्त्यांची गोष्ट मला याहून आवडते. टॉमला घर सोडून जहाजावर जायचे आहे. त्याने विजेच्या बिलाचे पैसे व्यापारी खलाशांच्या संघटनेची वर्गणी म्हणून भरून टाकले आहेत. नेमका पाहुणा जेवायला बसलेला असताना घरातले दिवे जातात. आई अमांडा लाजेवर हसण्याचे पांघरूण घालत मेणबत्त्या लावते, एका चर्चवर वीज कोसळली तेव्हा वितळून वाकडे झालेले शमादान बाहेर काढते, आणि लॉरा व जिम त्या मंद उजेडात एकमेकांशी बोलू शकतात. शेवटी, सगळ्यांना सोडून गेलेला टॉम दूरवरून बहिणीला त्या मेणबत्त्या विझवायला सांगतो, कारण आता जग विजांच्या लखलखाटाने उजळते आहे. मराठीत बिलाची वीज आणि आभाळातली वीज एकच, हे आमच्या रूपांतरकाराला फुकट मिळालेले दान होते. पण मूळ युक्ती अशी, की नाटकातला सर्वांत काव्यमय उजेड एका न भरलेल्या बिलातून येतो, आणि ते बिल ज्याने भरले नाही तोच अखेरीस तो उजेड विझवायला सांगतो.

विल्यम्सने याच संहितेत एक पडदाही सुचवला होता, ज्यावर प्रसंगाप्रसंगाला चित्रे आणि मथळे उमटावेत. ब्रॉडवेच्या प्रयोगात तो गाळला गेला, आणि अमांडाची भूमिका करणाऱ्या लॉरेट टेलरच्या अभिनयापुढे त्याची उणीव भासली नाही, अशी कबुली त्याने स्वतःच छापील आवृत्तीत दिली. माझे मत याहून जरा कडक आहे. तो पडदा म्हणजे नाटकाच्या शेजारी उभे राहून अर्थ सांगणारा शिकवणीचा मास्तर होता, आणि तो गेला हे बरे झाले.

असा मास्तर युजीन ओ'नीलच्या नाटकांतूनही दीर्घकाळ वावरत होता. १९२९च्या 'डायनॅमो'त त्याने वीजनिर्मितीचे अजस्र यंत्रच रंगमंचावर आणले. धर्मश्रद्धा गमावलेला नायक त्या यंत्राला देवी मानतो आणि शेवटी त्यालाच कवटाळून मरतो. नाटक पडले. बारा वर्षांनी, १९४१मध्ये, त्याच माणसाने 'लाँग डेज जर्नी इनटू नाइट' लिहून संपवले आणि त्यात वीज पुन्हा आणली, ती घरातल्या साध्या बल्बांत. जेम्स टायरोन हा एका लोकप्रिय नाटकावर अमाप पैसा मिळवलेला नट घरातला एखादा दिवाही उगाच जळताना पाहू शकत नाही. धाकटा मुलगा एडमंड अंधारात ठेचकाळून घरात येतो, दिवा मालवायला नकार देतो आणि वडिलांना हिशेब सांगतो, की रातभर बल्ब जळाला तरी खर्च एका पेगाहून कमी. चिडलेला म्हातारा उठून एकामागून एक सगळे दिवे लावतो : जळू देत, शेवटी कंगालांच्या आश्रमातच जायचे आहे तर लवकर गेलो तरी काय बिघडले!

त्या भगभगीत उजेडात तो मुलाला आपले बालपण सांगतो. वयाच्या दहाव्या वर्षी कारखान्यात दिवसाला बारा तास कानशी बनवायला शिकणे आणि आठवड्याला पन्नास सेंट मजुरी. पुढे शेक्सपिअरचा मोठा नट होण्याची लायकी असताना हमखास उत्पन्नाच्या एका नाटकात तो अडकून पडला, आणि आता त्याला आठवत नाही की त्या पैशाने असे काय विकत घ्यायचे होते. हे सगळे मन पिळवटून सांगून झाल्यावर तो म्हणतो, या दिव्यांनी डोळे दुखतात. आणि पुन्हा उठून एकेक बल्ब मालवतो, कारण वीज कंपनीचे खिसे भरण्यात काय अर्थ आहे. तालमीच्या खोलीत आम्ही हा प्रवेश मोठ्याने वाचला तेव्हा सगळे हसले, आणि हसून झाल्यावर पुढचे पान कोणी उलटेना. या एका क्रियेत अख्खा माणूस येतो. त्याची कंजुषी आपण ज्या क्षणी माफ करतो त्याच क्षणी तो ती पुन्हा करतो. आणि ती निव्वळ विनोदी सवय नाही, कारण याच हाताने त्याने बाळंतपणात बायकोसाठी स्वस्तातला डॉक्टर आणला होता. त्या डॉक्टरने दिलेल्या मॉर्फिनचे व्यसन तिला जडले, आणि आता क्षयाने आजारी मुलाला तो स्वस्तातल्या आरोग्यधामात पाठवू पाहतो. त्या बायकोला, मेरीला, वेढणारे धुके आणि तिला परत बोलावत राहणारा भोंगा यांविषयी समीक्षकांनी भरपूर लिहिले आहे, आणि ते मोलाचेही आहे; पण धुके आभाळातून येते आणि बल्ब घरमालकाच्या खिशातून, म्हणून माझे मन बल्बाकडे जास्त ओढते.

विल्यम्सच्या 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर'मधल्या (१९४७) बहिणीच्या घरी राहायला आलेल्या ब्लांशलाही उघडा बल्ब सहन होत नाही. ती एका दुकानातून कागदी आकाशकंदील आणते आणि तिच्यावर मन जडलेल्या मिचकडून तो बल्बावर चढवून घेते. पुढे तिचे वय आणि भूतकाळ उजेडात पाहायचा म्हणून मिच तो ओरबाडून काढतो. शेवटी तिला वेड्यांच्या इस्पितळात नेत असताना बहिणीचा नवरा स्टॅन्ली विचारतो, हा कंदील हवा आहे का तुला, आणि तो फाडून तिच्यापुढे धरतो. तेव्हा जणू तो कंदील म्हणजे आपणच असल्यासारखी ती किंचाळते, अशी रंगसूचना आहे. एका कागदी वस्तूचा हा प्रवास विकत घेणे, टांगणे, फाडणे आणि देऊ करणे अशा चार साध्या क्रियापदांत मावतो. तोच स्टॅन्ली आधी तिची पेटी उघडून फरचे कपडे आणि खड्यांचा मुकुट यांची किंमत करत बसलेला असतो, कारण बायकोच्या माहेरच्या इस्टेटीत आपलाही वाटा आहे अशी त्याची खात्री आहे. तो मुकुट जवळजवळ काचेचाच निघतो.

तेंडुलकरांनी या नाटकाचे मराठी रूप 'वासनाचक्र' या नावाने केले. नाव भारदस्त आहे, परंतु त्यात एक गोष्ट हरवली आणि तिला बहुधा इलाज नव्हता. न्यू ऑर्लिन्समध्ये 'डिझायर' नावाच्या रस्त्याकडे जाणारी ट्राम खरोखरीच होती आणि तिच्यावर तशी पाटी असे. नाटक आल्यावर वर्षभरातच, १९४८मध्ये, ती बंद होऊन तिच्या जागी बस आली. ब्लांश पहिल्याच प्रवेशात पत्ता विचारताना सांगते, की मला 'डिझायर' ट्राम पकडून मग 'सेमेटरीज'ची ट्राम घ्यायला सांगितले होते. तिच्या तोंडी ही निव्वळ वाट चुकलेल्या बाईची चौकशी आहे. 'वासनाचक्र' म्हटले की पाटी नाहीशी होते आणि अर्थ तेवढा उरतो.

आर्थर मिलरच्या 'डेथ ऑफ अ सेल्समन'मध्ये (१९४९) घर आणि प्रॉपर्टी हे दोन अर्थ अगदीच गळ्यात गळे घालतात. फिरता विक्रेता विली लोमन पंचवीस वर्षे घराचे हप्ते भरतो आहे. फ्रिज, गाडी, सगळेच हप्त्यांवर. आपण भंगारवाल्याशी शर्यत लावली आहे, मोडण्याआधी एक तरी वस्तू पुरती आपली व्हावी, ही त्याची तक्रार कर्ज फेडणाऱ्या कोणत्याही घरात ऐकू येईल. आणि त्या घरात त्याची बायको लिंडा फाटलेले मोजे रफू करत बसते. नायलॉनचे स्त्रियांचे मोजे ही युद्धकाळात चैनीची चीज झाली होती, कारण नायलॉन पॅराशूटसाठी लागत होते. युद्ध संपल्यावर मोज्यांसाठी अमेरिकन बायकांच्या रांगांत अक्षरशः मारामाऱ्या झाल्या. तीनच वर्षांनी आलेल्या या नाटकाच्या प्रेक्षकांना नव्या कोऱ्या मोज्यांचा खोका म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नव्हती. विली तो खोका बोस्टनच्या हॉटेलातल्या बाईला देतो. त्याचा मुलगा बिफ तिथे अनपेक्षितपणे पोहोचतो आणि ओरडतो, की तुम्ही तिला आईचे मोजे दिलेत. हा आरोप व्यभिचाराचा नसून चोरीचा आहे, आणि म्हणूनच तो विलीला आयुष्यभर पुरतो. म्हणूनच लिंडा सुई-दोरा घेऊन बसली की तो तिच्यावर खेकसतो. तिला कारण कधीच कळत नाही, आपल्याला कळते.

जो मील्झिनरचे त्या नाटकाचे नेपथ्य मला केवळ छायाचित्रांतून ठाऊक आहे. घराचा नुसता सांगाडा आणि भोवती दाटलेल्या उंच इमारती. पण त्यापेक्षा मला मिलरने घालून दिलेला एक नियम थक्क करतो. वर्तमानकाळातल्या प्रवेशांत पात्रांनी अदृश्य भिंती पाळायच्या आणि दारातूनच आत यायचे. विलीचे मन भूतकाळात गेले की त्यांनी भिंतीच्या रेषा सरळ ओलांडायच्या. नाटकाचे पहिले नाव 'त्याच्या डोक्याच्या आत' अशा अर्थाचे होते, आणि कमानीएवढा एक चेहरा उघडून आतले डोके दाखवावे असे मिलरच्या मनात होते. तो चेहरा त्याने टाकून दिला आणि पावलांपुरता एक नियम ठेवला. त्याला पैसे पडत नाहीत, हे मी हिशेब ठेवणारी बाई म्हणून नमूद करते.

लोरेन हॅन्सबेरीच्या 'अ रेझिन इन द सन'विषयी (१९५९) थोडक्यात. ब्रॉडवेवर आलेले कृष्णवर्णीय स्त्रीचे ते पहिले नाटक. शिकागोच्या साउथ साइडमधल्या अंधाऱ्या खिडकीत ऊन शोधणारे आईचे रोपटे म्हणजे आशा, असे कोणीही सांगेल. माझे लक्ष मात्र पडदा पडण्यापूर्वीच्या क्षणाकडे जाते. विम्याच्या दहा हजार डॉलरपैकी साडेतीन हजार नव्या घरासाठी देऊन झालेले, उरलेले मुलाने बुडवलेले, सामान खाली गेलेले. आई रिकाम्या खोलीचा निरोप घेऊन बाहेर पडते, दार पुन्हा उघडते, आणि ती रोपट्यासाठी परत येते. ती ते विसरली होती. एवढे विसरणे लिहायला फार मोठी लेखिका लागते.

ऑगस्ट विल्सनच्या 'द पियानो लेसन'ने तर माझ्या कामाच्या शब्दावरच बोट ठेवले. १९३६ सालच्या पिट्सबर्गमध्ये एका घरात एक कोरीव पियानो आहे. मिसिसिपीहून आलेल्या बॉय विलीला तो विकून त्या पैशांत जमीन घ्यायची आहे, तीही जिथे त्याचे पूर्वज गुलाम म्हणून राबले ती. त्याची बहीण बर्नीस तो हलवू देत नाही. मग काका डोकर पियानोचा इतिहास सांगतो. मालकाला बायकोसाठी हा पियानो हवा होता आणि जवळ पैसे नव्हते, म्हणून त्याने दीड गुलाम देऊन तो घेतला. दीड म्हणजे एक बाई आणि तिचा नऊ वर्षांचा मुलगा. मालकीणबाईला पुढे त्या दोघांची उणीव भासू लागली, तेव्हा त्या बाईच्या नवऱ्याला, जो उत्तम सुतार होता, मालकाने त्यांचे चेहरे पियानोवर कोरायला सांगितले; त्याने तेवढे कोरून न थांबता आपल्या सगळ्या कुळाची कथा त्या लाकडात उतरवली. पुढे त्याच्या नातवांनी तो मालकाच्या घरातून पळवला, आणि त्यापायी बॉय विलीच्या वडिलांचा जीव गेला. त्यांची विधवा सतरा वर्षे तो पियानो हात रक्ताळेपर्यंत पुसत राहिली.

डोकरचे ते कथन मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिले. माणूस एकदा प्रॉपर्टी होता. तो देऊन एक वस्तू घेतली. आता ती वस्तू म्हणजे माणूस झाली आहे, आणि तिच्याच मोबदल्यात जमीन नावाची आणखी एक प्रॉपर्टी येऊ शकते. बॉय विलीचे म्हणणे मुळीच हलके नाही. वडिलांना जमीन मिळाली असती तर त्यांनीही पियानो विकला असता, असे तो म्हणतो, आणि ते मला पटते. बर्नीसचेही पटते. विल्सनने हा वाद वकिली पद्धतीने सोडवला नाही. भाऊ जुन्या मालकाच्या वंशजाच्या भुताशी झुंजत असताना, आईच्या मृत्यूनंतर ज्याला हात लावला नव्हता त्या पियानोवर बर्नीस बसते आणि वाजवू लागते. वस्तूचे काय करायचे या प्रश्नाला मिळालेले उत्तर म्हणजे ती वस्तू वापरणे. या भुताबद्दल माझ्या मनात शंका आहेत. शेवट जरा घाईने मिटवल्यासारखा वाटतो. पण पियानोबद्दल नाहीत.

हे सगळे मांडल्यावर थॉर्नटन वाइल्डरचा 'अवर टाउन' (१९३८) समोर येऊन उभा राहतो आणि माझी पंचाईत करतो. त्यात प्रॉपर्टी जवळजवळ नाहीच. पडदा नाही, नेपथ्य नाही, टेबले, खुर्च्या आणि दोन शिड्या. बायका न दिसणाऱ्या शेंगा सोलतात, दूधवाला न दिसणारा घोडा आवरतो, आणि तिसऱ्या अंकात खुर्च्यांवर बसलेली माणसे म्हणजे स्मशानातले मृत. बाळंतपणात गेलेली एमिली एका दिवसापुरती आपल्या बाराव्या वाढदिवसाला परत येते आणि परतताना निरोप घेते तो घड्याळांच्या टिकटिकीचा, आईच्या सूर्यफुलांचा, कॉफीचा, नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यांचा. यांतले रंगमंचावर काही नसते. कदाचित त्या नसण्यामुळेच, आपण आयुष्यभर हाताळले आणि कधी पाहिले नाही त्याची किंमत तिथे एकदम कळते. प्रॉपर्टी सांभाळणारीला हे मान्य करणे जड जाते, पण करावे लागते.

आमच्या नाटकाचे पाच प्रयोग झाले. दुसऱ्या प्रयोगापासून मेणाचे प्रमाण मला जमले आणि शिंग वेळेवर, जिमच्याच चुकीने मोडू लागले. संहितेत लॉरा तो शिंग गेलेला घोडा आठवण म्हणून जिमच्या हातात ठेवते, त्याची बोटे मिटवते, आणि तो आपल्या वाग्दत्त वधूला, बेटीला, आणायला स्टेशनवर निघून जातो. पुढे घोड्याचे काय झाले ते नाटक सांगत नाही. आमच्याकडे इतकेच होई, की जिम झालेला मुलगा विंगेत येऊन घोडा माझ्या तळहातावर ठेवी आणि मी तो पुढच्या प्रयोगासाठी डब्यात टाकी. पाचव्या प्रयोगानंतर मेकअप पुसण्याच्या आणि टेम्पो भरण्याच्या गडबडीत तो माझ्याकडे आलाच नाही. बहुधा कोटाच्या खिशातच राहिला असावा आणि कोट त्याचा स्वतःचा होता. मी मागितला नाही. हिशेबाच्या वहीत माझ्या अक्षरात नोंद आहे : घोडे, काचेचे, सहा नग, जमा पाच.